स्पीकर शाबूत आहेत, हा अल्बमच तसा बनवलेला आहे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नवे बुकशेल्फ स्पीकर घेतले. मामांच्या कपाटात ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडची '(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?' ही १९९५ ची सीडी सापडली, ती लावली, आणि चौथ्या गाण्यापर्यंत कान शिणले. आवाज फाटल्यासारखा, झांजा खरखरीत, सगळं एकदम अंगावर येणारं. तोच अल्बम मोबाइलवर स्ट्रीमिंगला लावला तर उलटंच झालं: इतर अल्बमांपेक्षा बारीक आणि दबलेला वाटला. मग बिघाड स्पीकरमध्ये आहे, सीडीमध्ये आहे की कानात? रीमास्टर केलेली प्रत घ्यावी का? आणि दुकानदार स्पीकर दहा दिवसांत परत घेतो, त्यातले सहा दिवस गेले आहेत.

मी गेली सत्तावीस वर्षं पुण्यात रेकॉर्डिंग, मिक्सिंग (वेगवेगळी वाद्यं आणि आवाज एकत्र बसवणं) आणि मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) करतो. हा अल्बम मी किती वेळा ऐकलाय त्याची मोजदाद नाही. कामाच्या निमित्ताने ऐकलाय आणि जिवापाड आवडतो म्हणूनही ऐकलाय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या कामाची गोष्ट आधी सांगतो.

आवाज अगदी कमी करा. शेजारच्या खोलीतलं बोलणं स्पष्ट ऐकू येईल इतका कमी. आता 'रोल विथ इट' लावा आणि फक्त झांजांकडे लक्ष द्या. इतक्या बारीक आवाजातही त्यांची किनार चुरगळलेल्या कागदासारखी वाटली, तर दोष बहुधा स्पीकरचा नाही. शाबूत स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर फाटतो तो ठरावीक लेव्हलच्या वर नेल्यावर. रेकॉर्डिंगमध्येच फाटलेला आवाज मात्र कितीही खाली आणला तरी फाटलेलाच राहतो. त्यानंतर, 'मॉर्निंग ग्लोरी'च्याच महिन्यात आलेला, पल्प या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा 'डिफरंट क्लास' लावा. तो ३० ऑक्टोबर १९९५ ला बाजारात आला, निर्माता ख्रिस थॉमस. त्यात गायक जार्विस कॉकर कुजबुजतो तेव्हा खरंच कुजबुजतो, आणि बँड उसळतो तेव्हा उसळल्याचं जाणवतं. तो अल्बम तुमच्या स्पीकरवर मोकळा वाजला, तर स्पीकर शाबूत आहेत यावर मी सही करून देतो.

आता 'मॉर्निंग ग्लोरी' असा का वाजतो ते बघू. त्यासाठी एक वर्ष मागे जावं लागेल.

ओएसिसचा पहिला अल्बम 'डेफिनेटली मेबी' ऑगस्ट १९९४ मध्ये आला, पण तो सरळ रेकॉर्ड झाला नव्हता. आधी वेल्समधल्या मॉनमथजवळच्या मोनाव व्हॅली स्टुडिओत डेव्ह बॅचलर या निर्मात्याबरोबर प्रयत्न झाला. बँड स्टेजवर जसा वाजायचा त्याची धग टेपवर उतरलीच नाही. मग कॉर्नवॉलच्या सॉमिल्स स्टुडिओत सगळं पुन्हा वाजवलं, तरी समाधान होईना. शेवटी त्या टेप ओवेन मॉरिसच्या हाती दिल्या. हा तेव्हा फारसं नाव नसलेला, वेल्सचा तरुण इंजिनिअर. त्याने बँडचा गिटारवादक आणि गीतकार नोएल गॅलगरने चढवलेले गिटारचे बरेच थर काढून टाकले, जे राहिलं ते पुढे आणलं, आणि पूर्ण मिक्स कम्प्रेसर-लिमिटरखाली (आवाजाच्या उंच उड्या दाबणारी यंत्रं) इतकं दाबलं की आवाज भिंतीसारखा समोर उभा राहिला. आमच्या धंद्यात याला ब्रिकवॉलिंग म्हणतात. दोन स्टुडिओंत न साधलेली गोष्ट मिक्सच्या टेबलावर साधली.

म्हणजे दुसऱ्या अल्बमच्या वेळी हा आवाज अपघाताने आलेला नव्हता. तो बँडने मागून घेतला होता.

१९९५ च्या मे महिन्यात ते रॉकफिल्ड स्टुडिओत गेले. हाही मॉनमथजवळच. वॉर्ड बंधूंच्या शेतातला, गोठ्या-तबेल्यांचा केलेला स्टुडिओ. कलाकारांनी तिथेच राहायचं, जेवायचं आणि वाजवायचं. क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं बरंच काम १९७५ मध्ये याच आवारात झालं होतं. मॉरिस आणि नोएल दोघं निर्माते. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक गाणं या वेगाने काम निघालं. पद्धत साधी: नोएलने क्लिकवर (लय धरून देणारी टकटक) अकूस्टिक गिटार वाजवून गाण्याचा सांगाडा टाकायचा, त्यावर ॲलन व्हाइटने ड्रम्स वाजवायचे, मग बेस, मग इलेक्ट्रिक गिटारींचे थर, मग गायक लिअमचा, म्हणजे नोएलच्या धाकट्या भावाचा, आवाज. ॲलन व्हाइट बँडमध्ये नुकताच आलेला होता. 'सम माइट से' हे गाणं आधीच रेकॉर्ड होऊन एप्रिलमध्ये सिंगल म्हणून निघालं होतं आणि बँडचं पहिलं नंबर एकचं गाणं ठरलं होतं, त्यावर जुना ड्रमर टोनी मॅकॅरोल आहे. शांतपणे ऐकलंत तर फरक कळतो. मॅकॅरोल सरळ ठोका धरून चालतो. व्हाइटच्या हाताला वळणं आहेत. 'डोंट लुक बॅक इन अँगर'मध्ये ध्रुवपदाकडे नेणारे त्याचे उठाव ऐका, अख्खं गाणं तो खांद्यावर उचलून पुढे ठेवतो. माझ्या मते या अल्बमचं निम्मं यश त्या ड्रम्सचं आहे, आणि त्याला त्याचं पुरेसं श्रेय मिळालेलं नाही.

आता दाबणं म्हणजे नेमकं काय. डिजिटल रेकॉर्डिंगला एक छप्पर असतं, त्याला शून्य डेसिबल म्हणतात. त्याच्या वर आकडाच नाही. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक रेकॉर्ड करताय असं समजा. ढोलावर टिपरू पडतं तो क्षण सरासरी आवाजापेक्षा कितीतरी उंच उडी मारतो. ती उडी छपराला लागू नये म्हणून सगळ्या रेकॉर्डिंगची लेव्हल खाली ठेवावी लागते. ऐंशीच्या दशकातल्या अनेक सीडींवर सरासरी आवाज छपराच्या पंधरा-अठरा डेसिबल खाली असायचा. मधली जागा त्या उड्यांसाठी राखीव. लिमिटर काय करतो, तर उडी कापतो. डोकी कापली की वर जागा मोकळी होते, मग सगळंच वर ढकलता येतं. 'मॉर्निंग ग्लोरी'च्या बऱ्याच गाण्यांची सरासरी लेव्हल उणे आठ डेसिबलच्या आसपास आहे. १९९५ सालासाठी हे जवळपास ऐकिवात नसलेलं होतं.

मला स्वतःला हे उशिरा कळलं. १९९६ साली मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर मी हा अल्बम ऐकत होतो. कॅसेटची टेप आवाजाचे टोकदार कोपरे आपणहून गोल करते, वरचे बारीक सूर खाते, त्यामुळे तो उग्रपणा माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. दोन-तीन वर्षांनी, मी ज्या स्टुडिओत साहाय्यक म्हणून लागलो होतो तिथे, रात्री काम संपल्यावर कुणाची तरी सीडी लावली. टेबलावर जुने सुईचे मीटर होते. पहिल्या 'हॅलो' या गाण्याची सुरुवात अकूस्टिक गिटारने होते (ते सूर खरं तर 'वंडरवॉल'चे आहेत, पुढे येणाऱ्या गाण्याची चाहूल). तोवर सुई नेहमीसारखी हलत होती. बँड आत आला आणि सुई उजवीकडे जाऊन बसली. ड्रम पडला तरी हलेना, ओळ संपली तरी हलेना. मी मीटरच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. मीटर ठीक होता.

सुई हलायला जागाच उरली नव्हती. तुम्हाला कान शिणल्यासारखं वाटलं त्याचं कारण हेच. आपला कान विसाव्याच्या शोधात असतो. ठोका आणि ठोका यांच्या मधल्या दरीत तो दम खातो. ती दरीच भरून टाकली तर वीस मिनिटांत थकवा येतो. त्यात लिअमचा आवाज नाकातून येणारा, मध्यसप्तकाच्या वरच्या अंगाला धार असलेला. गिटारींचा गोंगाटही त्याच पट्ट्यात, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान. कान नेमका तिथेच सर्वांत हळवा असतो.

मग त्यांनी असं का केलं? काही कारणं धंद्याची होती. गजबजलेल्या पबमधल्या ज्यूकबॉक्समध्ये एकामागून एक सीडी वाजतात, तिथे आवाजाची मूठ कुणी कमी-जास्त करत बसत नाही. ज्याची सीडी उंच लेव्हलवर भरलेली, त्याचं गाणं माणसांच्या गलक्यावरून ऐकू येतं. रेडिओचं मात्र लोक समजतात तसं नाही. रेडिओ स्टेशनकडे स्वतःचे कम्प्रेसर असतात, ते सगळ्यांनाच एका पातळीवर आणतात. उलट आधीच चेपून आणलेलं गाणं तिथे आणखी चेपलं जाऊन किरटं होतं.

पण निव्वळ धंद्याचं कारण सांगून मी थांबलो तर मॉरिसवर अन्याय होईल. या गाण्यांना हा आवाज शोभतो असं माझं ठाम मत आहे. ओएसिसची गाणी एकट्याने कान देऊन ऐकण्यापेक्षा घोळक्याने गळा मोकळा करून म्हणण्याची आहेत. सोप्या कॉर्ड, लांब खेचता येणारे स्वर, कुणालाही पकडता येईल अशी चाल. त्यांच्यामागे एक न हलणारी भिंत हवी, म्हणजे माणूस तिला पाठ टेकून गाऊ शकतो. पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये या अल्बमच्या सुमारे ३ लाख ४७ हजार प्रती गेल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत अडीच लाख माणसं ही गाणी बँडच्या बरोबरीने म्हणत होती. घोळक्यासाठी बांधलेला आवाज घोळक्यापर्यंत पोचला. तुम्ही तो रात्री दहा वाजता, तीन फुटांवरून, एकटे ऐकताय. स्पीकर आणि अल्बम यांचं जमत नाही ते एवढ्यासाठीच.

मुखपृष्ठ हातात असेल तर एक बघा. लंडनच्या सोहोमधली बेरिक स्ट्रीट, रेकॉर्डच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेली गल्ली, पहाटेची वेळ, दोन माणसं एकमेकांना ओलांडून चालली आहेत. फोटो मायकल स्पेन्सर जोन्स यांचा. मागे फुटपाथवर एक माणूस चेहऱ्यासमोर काहीतरी धरून उभा आहे. तो ओवेन मॉरिस, आणि त्याच्या हातात आहे अल्बमची मास्टर टेप. इंजिनिअरला मुखपृष्ठावर जागा मिळाल्याची फार उदाहरणं मला माहीत नाहीत. त्याचं काम बँडला किती मोलाचं वाटत होतं याचा हा पुरावाच.

आता तुमचं दुसरं कोडं, स्ट्रीमिंगचं. हे सोडवलंत की अर्धं मास्टरिंग समजलं असं मी शिकाऊ मुलांना सांगतो.

दोन आवाजांपैकी जो जरा मोठा, तो माणसाला 'चांगला' वाटतो. एका डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो. तो फरक ऐकणाऱ्याला मोठेपणा म्हणून कळतही नाही, 'हा जास्त भरदार आहे' असं वाटतं. कारण आवाज वाढला की खालचा बेस आणि वरची किनार कानाला अधिक जाणवतात, ही कानाची घडणच आहे. सीडीच्या काळात याचा फायदा जोरात भरलेल्या अल्बमला मिळायचा. स्ट्रीमिंगवाल्यांनी तो काढून घेतला. २००६ च्या सुमारास कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. आता बहुतेक सेवा त्या मापाने प्रत्येक गाणं एका ठरलेल्या पातळीवर आणतात. स्पॉटिफायवर ती मुळात उणे चौदा डेसिबल ठेवलेली असते. 'मॉर्निंग ग्लोरी' त्या रेषेच्या कितीतरी वर, म्हणून त्याला पाच-सहा डेसिबल खाली ओढतात. 'डिफरंट क्लास'सारख्या अल्बमला कमी ओढावं लागतं आणि त्याच्या उड्या शाबूत राहतात. दोन्ही एकापाठोपाठ लावले तर सरासरी सारखी, पण एकाचा ड्रम उडी मारतो आणि दुसऱ्याचा जागच्या जागी धपकन बसतो. बसणारा तो ओएसिसचा. त्याची डोकी १९९५ मध्येच कापलेली आहेत, ती परत उगवत नाहीत.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती घरी लगेच करून बघता येते. सीडीवर आवाज सलग नसतो, त्याचे तुटक नमुने आकड्यांत साठवलेले असतात. हे नमुने छपराला चिकटलेले असले की त्यांच्यापासून पुन्हा सलग लहर बनवताना ती लहर दोन नमुन्यांच्या मधल्या जागेत छपराच्याही वर जाते. डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या पुष्कळ साध्या चिप्सना तेवढी जागा नसते, म्हणून तिथे आणखी थोडं फाटतं. उपाय फुकटचा आहे. संगणकावरून वाजवत असाल तर प्लेअरमधली डिजिटल लेव्हल तीन-चार डेसिबल खाली घ्या आणि ॲम्प्लिफायरची मूठ तेवढी वर करा. झांजांची खरखर पूर्ण जाणार नाही, पण टोचणं कमी होईल.

आता 'वंडरवॉल'. तुम्ही लिहिलंय की हेच एक गाणं तुमच्या स्पीकरवर सुंदर वाजतं. बरोबर आहे, आणि त्याचं कारण रचनेत आहे. गिटारच्या दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावलाय. करंगळी आणि अनामिका वरच्या दोन तारांवर एकाच जागी रुतून बसतात आणि जवळजवळ सगळ्या कॉर्ड बदलल्या तरी हलत नाहीत. म्हणजे खाली सूर बदलत राहतात आणि वर तेच दोन स्वर, ई आणि ए, गाणंभर वाजत राहतात. तंबोऱ्याच्या सावलीत वाढलेल्या आपल्या कानाला हे लगेच ओळखीचं वाटतं. गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी खोकल्याचा आवाज ठेवून दिलाय तोही ऐका, खोलीत माणसं असल्याची ती खूण आहे. मग एकटी गिटार, मग लिअम, आणि ड्रम्स बऱ्याच उशिराने येतात. चेलोसारखं जे ऐकू येतं ते कीबोर्डवर वाजवलेलं आहे. प्रत्येक वाद्य दुसऱ्याला जागा करून देत आत येतं, म्हणून लिमिटरला कापायला कमी मिळतं. अल्बम मोकळा कसा वाजला असता याचा अंदाज या एका गाण्यावरून येतो.

'वंडरवॉल' या शब्दाचा धागा तर थेट मुंबईपर्यंत येतो, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नोएलने तो बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या १९६८ च्या 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमवरून उचलला. हॅरिसनने त्यातला बराच भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला होता. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान, सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर एस. आर. केंकरे. तो स्टुडिओ काही आजच्यासारखा हवाबंद नव्हता, बाहेरच्या रहदारीशी जुळवून घेतच काम चालायचं. ओएसिसच्या गाण्याचा त्या संगीताशी चालीच्या अंगाने काही संबंध नाही, फक्त नाव घेतलं. तरीही जगभर कुणीही गिटार हातात घेतली की पहिल्यांदा जे वाजवतो त्या गाण्याच्या नावामागे फोर्टमधली ती खोली आहे, याचा मला अभिमान वाटतो. नारिंग्रेकर आणि केंकरे ही नावं आपल्याकडच्या गिटार वाजवणाऱ्या मुलांना माहीत असायला हवीत.

आता दुसरी बाजू. मी मॉरिसची बाजू घेतली, पण त्याच्या नकलांनी जे केलं ते मी स्वतःच्या हातांनी करून बसलोय.

साधारण २००१ ची गोष्ट. एका अभंगांच्या सीडीचं मास्टरिंग माझ्याकडे होतं. गायिका, हार्मोनियम, पखवाज, टाळ. रेकॉर्डिंग इतकं सुरेख होतं की हात लावू नये असं वाटावं. कंपनीकडून निरोप आला: बाजारातल्या दुसऱ्या सीडीच्या शेजारी आपली बारीक वाजते, वर आणा. मी थोडी आणली. पुन्हा निरोप, अजून वर. चौथ्या फेरीला लिमिटर असा दाबला की प्रत्येक टाळ पडला की गायिकेचा आवाज दचकून मागे जायचा आणि टाळ विरला की पुढे यायचा. टाळाची टोकदार उडी सर्वांत उंच, ती कापताना लिमिटर सगळ्यालाच खाली ओढतो. 'विठ्ठल' म्हणताना मधला जोडाक्षराचा आघातच नाहीसा झाला. सीडी तशीच निघाली. गायिकेने ती ऐकून मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "माझा श्वास कुठे गेला?" मला उत्तर देता आलं नाही.

मॉरिसने भिंत बांधली ती त्या पाच माणसांच्या गोंगाटाला शोभणारी होती. पुढे दहा-पंधरा वर्षं जगभर प्रत्येक गाण्याला, मग ते भावगीत का असेना, तीच भिंत घातली गेली. ओएसिसलाही हे चुकलं नाही. १९९७ चा 'बी हिअर नाऊ' मॉरिस आणि नोएल याच जोडीने केला, गाणी लांबली, गिटारींवर गिटारी चढल्या, आणि भिंतीमागचं घरच दिसेनासं झालं. नोएल स्वतः त्याबद्दल कायम नाराज राहिला. २०१६ मध्ये त्याने तो नव्याने मिक्स करायला घेतला आणि पहिल्या गाण्यानंतर सोडून दिला.

आता रीमास्टरचं. २०१४ मध्ये लंडनच्या मेट्रोपोलिस स्टुडिओत इयन कूपर यांनी 'मॉर्निंग ग्लोरी' पुन्हा मास्टर केला. काम जबाबदारीचं आहे, वरची किनार माझ्या कानाला थोडी आवरलेली वाटते. पण मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात. मिक्समध्येच जे चेपलेलं आहे ते मास्टरिंगवाल्याला सोडवता येत नाही, शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. सोबतची बी-साइड गाणी हवी असतील तर तो संच जरूर घ्या. १९९५ मध्ये सिंगलच्या पाठीवर टाकलेलं 'ॲक्विएस' या अल्बममधल्या तीन-चार गाण्यांपेक्षा सरस आहे. पण फक्त मोकळा आवाज मिळेल या आशेने पैसे घालू नका.

एलपीबद्दलही हेच. व्हायनलवर मोजणी करणारे प्रोग्रॅम आकडा चांगला दाखवतात, आणि लोक 'बघा, एलपी जास्त मोकळी' म्हणतात. सुईवरून येताना लहरीचा आकार जरा हलतो, कापलेल्या डोक्यांवर छोटी टोकं येतात, आणि प्रोग्रॅम त्यांनाच उड्या समजतो. कान फसत नाही. पोस्टरएवढं मुखपृष्ठ हवं असेल तर एलपी घ्या, आणि १९९५ च्या दुहेरी एलपीवर 'बोनहेड्स बँक हॉलिडे' हे सीडीवर नसलेलं गाणंही आहे. या दोन कारणांसाठी घेतलीत तर पस्तावणार नाही.

राहिली तुमची खोली. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात जमीन गुळगुळीत टाइल्सची, भिंत उघडी, स्पीकर भिंतीला चिकटलेले, खिडकीला पडदा नाही. अशा खोलीत तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा प्रत्येक आवाज चारदा आपटून तुमच्याकडे येतो. जो अल्बम आधीच त्या पट्ट्यात ठासून भरलाय त्याचं तिथे काय होणार? स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. स्पीकर आणि तुम्ही यांच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी घाला. तुमच्या डोक्यामागच्या भिंतीवर एखादी जुनी गोधडी टांगा, दिसायला वाईट दिसत नाही. एवढ्यावरही टोचलं तर इक्वलायझरने (ठरावीक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) तीन हजारच्या आसपास दोन डेसिबल उतरवा, त्याहून जास्त नको, नाहीतर लिअमच्या आवाजातली धारच जाईल आणि मग ऐकायला उरलं काय?

शेवटचं गाणं 'शॅम्पेन सुपरनोव्हा' मात्र खोली नीट केल्यावर, दिवे मालवून, सुरुवातीपासून ऐका. आधी पाण्याचा आवाज, मग गिटार, आणि सात मिनिटांहून जास्त वेळ हळूहळू चढत जाणारा चढ. मुख्य गिटार वाजवायला पॉल वेलर आलाय, ओएसिसच्या पिढीने ज्याच्याकडे बघून गिटार हातात घेतली असा माणूस. वरच्या टप्प्यावर भिंत उभी राहतेच, पण तोवर गाण्याने तुम्हाला तिथपर्यंत चालवत आणलेलं असतं.

परत करायची मुदत संपायला चार दिवस आहेत. उद्या सतरंजी घाला, परवा कमी आवाजाची आणि 'डिफरंट क्लास'ची चाचणी करा. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटला, किंवा खरखर फक्त एकाच बाजूने आली, तरच दुकानात जा. जाताना ओएसिसची सीडी नेऊ नका. एकाच माणसाच्या साध्या बोलण्याचं रेकॉर्डिंग न्या, ते दोन्ही स्पीकरवर आळीपाळीने लावायला सांगा, दुकानदारालाही लगेच ऐकू येईल.